शाळेसाठी दीड लाख जमलेत, स्मार्ट बोर्ड घ्यायचा की नको?

पत्राचा सारांश (नाव-गाव मुद्दाम गाळलंय): कर्नाटकातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातून हे पत्र आलंय. लिहिणारे शेती करतात, गावच्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीचे, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या समितीचे, अध्यक्ष आहेत आणि मुलगी त्याच शाळेत सहावीत आहे. शाळा सातवीपर्यंत, पट चाळीसच्या आत, दोन कायम शिक्षक आणि एक अतिथी शिक्षिका. पुण्यात, गोव्यात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी दीड लाख रुपये गोळा केलेत. त्यांचं म्हणणं, एक मोठा स्मार्ट बोर्ड घेऊया, शाळेची वेबसाईट काढूया, शाळा डिजिटल झाली की कॉन्व्हेंटच्या गाडीत बसणारी पोरं परत येतील. मुख्याध्यापिका बाई म्हणतात, "बोर्डावर दाखवायचं काय ते आधी सांगा." त्यांना वाचायची पुस्तकं हवीत आणि कन्नड शिकवायला कुणीतरी माणूस हवाय. यावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर बरीच वादावादी झाली, बाई जुन्या वळणाच्या आहेत असंही कुणीतरी लिहिलं, आणि बाईंनी ग्रुप सोडला. गणपतीत सगळे गावी येतील तेव्हा निर्णय घ्यायचाय. "दोन्ही बाजू आपल्याच, आमची पोरं मागं पडू नयेत एवढंच वाटतं, मी काय करू?" असं अध्यक्ष विचारतात.

दादा, नमस्कार.

सगळ्यात आधी हे सांगते की तुमच्या गावात शाळेवरून वाद होतोय ही मला चांगली गोष्ट वाटते, कारण किती गावांत शाळा हळूहळू रिकामी होत जाते आणि कुणी साधी मीटिंगसुद्धा बोलवत नाही. तुमच्याकडं बाहेर गेलेली पोरं स्वतःच्या पगारातून पैसे काढतायत आणि एक मुख्याध्यापिका ते पैसे नीट कारणी लागावेत म्हणून वाईटपणा घेतेय. दोघांनाही शाळा जगायला हवीय. तेव्हा कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायची जबाबदारी तुम्ही अंगावर घेऊ नका, ती तुमची नाहीच.

पण बाईंनी विचारलेला प्रश्न मात्र तुम्ही सगळ्यांनी मनावर घ्या. बोर्डावर दाखवायचं काय? पुण्यात राहणाऱ्या पोरांना वाटत असेल की यूट्यूबवर मराठीत हवं तेवढं पडलंय की, त्यात काय एवढं. पडलंय हे खरं आहे, पण त्यातलं बहुतेक महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचं आहे, बालभारतीच्या पुस्तकावर बेतलेलं. आपल्या मुलांची पुस्तकं बेंगळुरूहून येतात, कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची, भाषा मराठी पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा. तिकडं चौथीला शिवछत्रपती असतात, इकडं पाचवीपर्यंत परिसर अध्ययन आणि मग सहावीला समाज विज्ञान सुरू होतं, त्यात पुढं कदंब, चालुक्य, राष्ट्रकूट असं सगळं येतं. गणित-विज्ञानातही कुठला भाग कुठल्या इयत्तेत, कुठल्या क्रमानं, हे जुळेलच असं नाही. म्हणजे मराठीतला व्हिडिओ आपल्या पुस्तकाशी जुळत नाही आणि आपल्या अभ्यासक्रमाचा व्हिडिओ शोधला तर तो कन्नडमध्ये निघतो. सीमाभागातल्या मराठी शाळेची ही खरी अडचण आहे, आणि ती पुण्यातल्या दुकानात बोर्ड बघताना कुणाच्या लक्षात येणार नाही. बाईंच्या रोज लक्षात येते, कारण त्या वर्गात उभ्या असतात.

हे माझं ऐकून मानू नका, आज संध्याकाळी मुलीला जवळ घेऊन बसा आणि स्वतः बघा. तिचं सहावीचं पुस्तक उघडा. क्यूआर कोड असेल तर सरकारच्या दीक्षा ॲपनं स्कॅन करा, स्कॅन होत नसेल तर कोडखाली सहा अक्षरांचा एक नंबर असतो तो टाईप केला तरी चालतं. कोडच नसेल तर ॲपमध्ये बोर्ड कर्नाटक, माध्यम मराठी, इयत्ता सहावी असं निवडा आणि धडा शोधा. काय उघडतंय, कुठल्या भाषेत उघडतंय, मुलीला ते समजतंय का, हे एका वहीत लिहा. असे दहा-बारा धडे वेगवेगळ्या विषयांचे बघितलेत की गणपतीतल्या मीटिंगला तुमच्या हातात खरी माहिती असेल. हे काम एकट्यानं करू नका, त्या पुण्याच्या पोरांपैकी एकाला सांगा की तू तिकडं बसून पाचवीचे धडे तपास, मी सहावीचे तपासतो. जो स्वतः तपासतो त्याला पटवायची गरज पडत नाही.

पोरं तुम्हाला डिसले गुरुजींचं उदाहरण देतील, द्यायलाच पाहिजे, मोठं उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी, तिथल्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले, २०२० सालचा ग्लोबल टीचर प्राईज त्यांना मिळाला आणि पुस्तकात क्यूआर कोड घालण्याची सुरुवात त्यांच्या नावावर आहे. ते क्यूआर कोड सगळ्यांना आठवतात. पण त्यांची शाळा आणि आपली शाळा एकाच दुखण्याची आहे, फक्त उलट बाजूनं. तिथल्या मुलींच्या घरात कन्नड बोलली जायची आणि पुस्तक त्या भाषेत नव्हतं. गुरुजी आधी कन्नड शिकले, मग पहिली ते चौथीची पुस्तकं त्या मुलींसाठी कन्नडमध्ये तयार केली, आणि त्यात कोड घातले की मोबाईल लावला की कविता, व्हिडिओ, गोष्टी सुरू. आधी मुलांची भाषा, मग धडा आणि शेवटी मोबाईल, हा क्रम होता. तुमच्या मीटिंगमध्ये हे उदाहरण निघालं की हा क्रमही सांगा.

दुसरीकडंही हाच अनुभव आलाय. पेरू देशात सरकारनं गरीब भागातल्या शाळांना लाखो लॅपटॉप वाटले, नंतर २०१२ मध्ये जो अभ्यास झाला त्यात गणित आणि भाषेच्या मार्कांत काही फरक दिसला नाही. याउलट दिल्लीत २०१५ मध्ये एक प्रयोग झाला, त्यात कॉम्प्युटर आधी बघायचा की हे मूल खरं कुठल्या इयत्तेच्या पातळीवर आहे, आणि तिथूनच सुरुवात करायचा, आणि त्याच्या जोडीला छोट्या गटाला शिकवणारा माणूसही असायचा. तिथं साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुलं चांगली पुढं गेली. मशीन दोन्हीकडं होतं. फरक पडला तो मूल कुठं अडलंय हे कुणी बघितलं का यानं. मला वाटतं तुमच्या दीड लाखाचा निर्णयही यावरच व्हायला हवा, की आपल्या शाळेतलं कुठलं मूल कुठं अडलंय. बाईंना विचारा. त्या नावानिशी सांगतील.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, की डिजिटल झालं की गाडीत बसणारी पोरं परत येतील. हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणजे ज्यांनी मुलं काढली त्या आईबापांपैकी कुणी म्हणालं का, की बोर्ड आणा, मग परत घालतो? माझ्याकडं या भागातून जी पत्रं येतात त्यात लोक इंग्रजी म्हणतात, दारात गाडी येते म्हणतात, पुढं हायस्कूलला कन्नड जमणार नाही म्हणतात, एका बाईंकडं तीन वर्ग आहेत म्हणतात. बोर्ड नाही म्हणून मुलगा काढला असं लिहिणारं कुणी मला आठवत नाही. तुमच्या गावात वेगळं असेलही, म्हणून चार घरी जाऊन चहा घ्या आणि विचारा, वाद घालायला नको, फक्त ऐकून या. लोकांनी कन्नडची भीती सांगितली तर बाई जे माणूस मागतायत तेच पट वाढवायचं साधन ठरेल, आणि हे पोरांनाही पटेल.

स्मार्ट बोर्डाबद्दल माझं मत स्पष्ट सांगते, तुमच्या शाळेला तो नको. पैशाचा प्रश्न तर आहेच, चांगला बोर्ड लाखाच्या वर जातो आणि मग बाकी काहीच उरत नाही. पण मोठं कारण वेगळं आहे. तुमच्याकडं एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसत असणार, तीन शिक्षकांत सात वर्ग म्हटल्यावर दुसरं काय होणार. मोठा बोर्ड हा सगळी मुलं एकच धडा शिकतायत अशा वर्गासाठी असतो. तुमच्या वर्गात तो लावला की पाचवीचा धडा चालू असताना चौथी आणि सहावीसुद्धा तिकडंच बघत बसणार, आणि बाईंचं काम कमी व्हायच्या ऐवजी वाढणार. अशा शाळेत छोटी साधनं बरी, चार मुलं एका टॅबभोवती बसली आहेत आणि बाई दुसऱ्या कोपऱ्यात तिसरीचं वाचन घेतायत, असं.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. सहावीत अपूर्णांकात पोरं हमखास एके ठिकाणी चुकतात, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, तर चतुर्थांश म्हणतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. कितीही वेळा सांगा, डोक्यात बसत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट म्हणून एक मोफत साधन आहे, २००२ पासून चालू आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. त्यात अपूर्णांकाचं एक आहे, खाली छेद वाढवायचं बटण, वर एक वर्तुळ. तीनचा चार केला की वर्तुळाचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा मुलाच्या डोळ्यांसमोर लहान होतो. मग पाच, मग सहा. दोन-तीन वेळा बटण दाबलं की मूल आपणहून म्हणतं, अरे खालचा आकडा वाढला की वाटा कमी येतो. त्यानंतर बाईंनी कागदाच्या घड्या घालायला लावायच्या आणि वहीत गणितं. इथं स्क्रीनचं काम दहा मिनिटांचं आहे, पण त्या दहा मिनिटांत जे होतं ते फळ्यावर खडूनं होत नाही. आणि अपूर्णांक सगळीकडं सारखेच असल्यामुळं इथं अभ्यासक्रमाची भानगडही येत नाही. विज्ञानाचंही तसंच, सर्किट जोडायचं सिम्युलेशन आहे, ते बघितल्यावर खरा सेल, वायर आणि बल्ब हातात द्यायचा, तो खर्च शंभर-दोनशे रुपये.

कन्नडसाठी आणि वाचनासाठी स्टोरीवीव्हर बघा, प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेलं, मोफत. एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि कन्नडमध्येही मिळते, आधी मराठीत वाचायची, मग तीच चित्रं बघत कन्नडमध्ये. पोराला गोष्ट माहीत असते त्यामुळं कन्नड शब्दाला घाबरत नाही. प्रिंट काढून बाईंच्या वाचन कोपऱ्यातही लावता येतात. मोबाईलवर तुमच्या मुलीबरोबर तुम्ही स्वतः एखादी वाचून बघा, आमच्या भागात आईबापांनाही कन्नड वाचायचा सराव लागतोच की, ऑफिसातून येणारे कागद सगळे कन्नडमध्येच असतात.

पैशाची वाटणी मी अशी केली असती, तुम्ही तुमच्याकडच्या भावाप्रमाणं कमीजास्त करा. एक त्रेचाळीस इंची टीव्ही, पंचवीस-तीस हजारात बसतो, पेन ड्राईव्ह लावला की झालं. दोन साधे टॅब, वीस-पंचवीस हजार. इन्व्हर्टर आणि बॅटरी, साधारण तेवढेच, आणि हे वगळू नका, तुमच्याकडं जून ते सप्टेंबर लाईटीचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको, त्यात वीज पडायची भीती, तर अर्थिंग नीट आहे का ते वायरमनला दाखवून घ्या आणि टीव्ही ज्या भिंतीला ओल येते तिथं लावू नका. पुस्तकांना पंधरा हजार. कन्नडसाठी गावातली किंवा शेजारच्या गावातली डीएड केलेली मुलगी असेल तर तिला महिन्याला चार हजारांप्रमाणं आठ महिने, बत्तीस हजार झाले. हे सगळं धरून वीसेक हजार तरी हातात राहतात, ते दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. आणलेलं मशीन पहिल्या बिघाडानंतर कपाटात जातं आणि मग ते तिथंच राहतं, असं कितीतरी शाळांत झालंय, म्हणून हे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे हवेत. बाहेरचं माणूस शिकवायला ठेवताना एसडीएमसीत ठराव करा आणि बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसला कळवा, नाहीतर नंतर बाईंनाच उत्तरं द्यावी लागतील.

रेंजचा भरवसा धरू नका. जे दाखवायचं ते खानापुरात किंवा बेळगावात नेट चांगलं असेल तिथं उतरवून आणायचं, दीक्षातलंही ॲपमध्ये उतरवून ठेवता येतं. पुस्तकं हरवली, फाटली तर पाठ्यपुस्तक सोसायटीच्या वेबसाईटवर मराठी माध्यमाच्या पीडीएफ मिळतात, त्या टॅबमध्ये भरून ठेवा. बालभारतीचीही पुस्तकं त्यांच्या वेबसाईटवर मोफत आहेत, मराठीचं अवांतर वाचन म्हणून ती फार चांगली, फक्त अभ्यासाचं पुस्तक आणि हे पुस्तक यात मुलांचा घोळ होऊ देऊ नका.

वेबसाईटचं विचाराल तर आत्ता नको म्हणेन. वेबसाईटला दरवर्षी पैसे भरावे लागतात, कुणीतरी ती ताजी ठेवावी लागते, पासवर्ड एका पोराकडं आणि तो गेला दुबईला, मग दोन वर्षांपूर्वीच्या स्वातंत्र्यदिनाचे फोटो तसेच लटकलेले. आणि ती भरायचं काम शेवटी बाईंवर येणार, ज्या आधीच एसएटीएस आणि यू-डायस या सरकारी ऑनलाईन नोंदी करून दमलेल्या असतात. ग्रुप आहे तोच नीट वापरा की. आठवड्याला एक, शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाईंनी दोन मिनिटांचा आवाजी मेसेज टाकायचा, या आठवड्यात पाचवीला काय झालं, घरी काय विचारायचं. तो आजीलाही ऐकता येतो, रानात काम करता करता बापालाही ऐकता येतो, वाचता येणं गरजेचं नाही. त्या ग्रुपवर शाळेशिवाय दुसरं काही टाकायचं नाही, आणि माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप वेगळा करायचा म्हणजे बाईंना परत यायला संकोच वाटणार नाही. मुलांचे फोटो, नावं, एसएटीएस नंबर असलं काही बाहेर टाकायचं नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईबापांची परवानगी लागते असं स्पष्ट आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराचा फोटो विचारल्याशिवाय फिरवू नये.

मग त्या पोरांनी करायचं काय, नुसते पैसे द्यायचे? नाही, त्यांच्यासाठी खरं काम आहे, आणि ते फक्त तेच करू शकतात. कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचं मराठीतलं साहित्य कमी आहे असं मी वर म्हटलं. मराठी येतं, कन्नड येतं, आणि हाच अभ्यासक्रम याच शाळेत बसून शिकलेत अशी माणसं किती असतील जगात? तुमचे माजी विद्यार्थी! एकानं सहावीच्या गणितातला एक धडा घ्यायचा, कागदावर पेनानं गणित सोडवायचं, वरून मोबाईल धरून रेकॉर्ड करायचं, स्वतःच्या आवाजात, आपल्या बोलीत, पाच-सात मिनिटं. तोंड दिसायची गरज नाही, एडिटिंगची गरज नाही. जो गोव्यात हॉटेलात आहे तो कन्नडची रोजच्या वापरातली वाक्यं बोलून पाठवेल, आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये. बाईंनी ऐकून चूक असेल तर सांगायची, बरोबर असेल तर पेन ड्राईव्हमध्ये. पुस्तकातली पानंच्या पानं जशीच्या तशी वाचून यूट्यूबवर चढवू नका, स्वतःच्या शब्दांत समजावा आणि सध्या शाळेपुरतंच ठेवा. गावचा अमक्याचा दादा टीव्हीवर अपूर्णांक शिकवतोय म्हटल्यावर पोरं किती कान देऊन ऐकतील याचा विचार करा. आणि शेजारच्या गावातल्या मराठी शाळेलाही तो पेन ड्राईव्ह देता येईल, त्यांची पुस्तकं तीच आहेत.

गणपतीतल्या मीटिंगच्या आधी एकदा तुम्ही बाईंना शाळेत जाऊन भेटा, एकटेच. ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते बरोबर नव्हतं असं अध्यक्ष म्हणून तुम्ही म्हणायला हवं, त्यात कुणाची बाजू घेतल्यासारखं होत नाही. ज्यानं लिहिलं त्याला तुम्हीच फोन करा, सगळ्यांसमोर त्याची शोभा नको, एवढंच सांगा की गावी आलास की आधी बाईंना भेटून ये. मीटिंगमध्ये पहिल्यांदा बाईंना बोलू द्या, कुठलं मूल कुठं अडलंय एवढंच, त्यानंतर तुमची वही वाचा आणि मग पैशाचा विषय काढा. बोर्डाचा आग्रह तरीही सुटला नाही तर म्हणा, आधी टीव्ही आणि टॅब दिवाळीपासून मार्चपर्यंत वापरून बघू, किती दिवस चालले, कुठल्या धड्याला चालले, याची नोंद अतिथी शिक्षिका ठेवतील, आणि पुढच्या गणपतीत त्यावर परत बसू.

आणि खरेदी करताना बिल शाळेच्या नावानं घ्या, कुठल्याही एका पोराच्या नावानं नको, वॉरंटी कार्डाची झेरॉक्स बाईंकडं द्या, आणि सगळ्या वस्तू साठा रजिस्टरात चढवल्याशिवाय खोके उघडू नका.